दुपाई आणि तिपाई : बंदुकीचे व दुर्बिणीचे हलके टेकू

रात्रीं राखणीस निघणाऱ्या शेतकऱ्याच्या हातीं पूर्वीं गोफण आणि टेंभा असे. आतां बहुतेकांजवळ विजेरी असते, कांहींजणांजवळ दुर्बीण असते, आणि गांवांतील एखाद्याजवळ पीकसंरक्षणाच्या परवान्यावरील बंदूकही असते. दुर्बीण व बंदूक हीं दोन्ही हातांत धरून वापरण्याचीं साधनें आहेत असें आपण धरून चालतों. परंतु ज्या देशांत कायद्याच्या मर्यादेंत शिकार चालते, तेथील अनुभवी मनुष्य यांपैकीं कोणतेंही साधन शक्य तोंवर नुसत्या हातांवर पेलीत नाहीं. तो त्यास पाय लावितो. दोन पायांचा टेकू असेल त्यास या लेखांत दुपाई म्हटलें आहे; तिपाई हा शब्द तर आपल्या घरांतलाच आहे. हे टेकू अलीकडे फार हलके होऊं लागले आहेत व त्यांच्या किंमती त्याच मानानें चढल्या आहेत. तेव्हां त्यांत पैसे घालण्यापूर्वीं त्यांचें मर्म काय, हलकेपणा कोठें उपयोगी आणि कोठें घातक, याचा विचार करणें बरें.

प्रथम कायद्याची गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. भारतांत हौसेची शिकार वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वयें बंद आहे. उभ्या पिकाचा नाश करणाऱ्या जनावराविरुद्ध काय करतां येतें तें त्याच अधिनियमाच्या कलम ११ मध्यें सांगितलें आहे : अधिकार असलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी असेल तरच, आणि परवानगींत लिहिलें असेल तेवढेंच. महाराष्ट्रांत रानडुक्कर व रोही यांच्या उपद्रवासंबंधीं वनखात्याच्या स्थानिक अधिकाऱ्याकडे अर्ज करण्याची व्यवस्था २०१५ सालीं करण्यांत आली. शस्त्र अधिनियम, १९५९ पाहिला तर त्याच्या कलम १३ मध्यें पीकसंरक्षणाचा उल्लेख येतो तो तोंडानें भरावयाच्या बंदुकीसंबंधीं, रायफलीसंबंधीं नव्हे. यावरून एक गोष्ट उघड होते. आपल्याकडील सामान्य बागाइतदारास रायफलीच्या दुपाईची गरज क्वचितच पडेल. दुर्बिणीच्या तिपाईची मात्र ज्याचें शेत रानाच्या कडेला आहे अशा प्रत्येकास पडेल. लेखाचा विषय दोन्ही असला तरी माझा कल कोणीकडे आहे तें आधींच सांगून टाकलेलें बरें.

मनुष्याचा हात कधींच स्थिर नसतो. स्नायूंचा स्वाभाविक कंप सेकंदास सुमारें आठ ते बारा वेळां चालूच असतो. त्यावर श्वासाची संथ लाट येते, आणि तिच्यावर नाडीचा ठोका. चालून दमलेल्या किंवा थंडीनें काकडलेल्या मनुष्याच्या हातांत हें सर्व दुप्पट होतें. आठपट मोठें दाखविणाऱ्या दुर्बिणींतून २०० मीटरांवरील जनावर २५ मीटरांवर असल्याप्रमाणें दिसतें खरें, पण हाताचा कंपही त्याबरोबर आठपट होतो. म्हणून आठ, फार तर दहा पटींपर्यंत दुर्बीण हातांत चालते. बारा पटींच्या पुढें टेकूवांचून तिचा उपयोग नाहीं. वीसपासून साठ पटींपर्यंत वाढणारी एकनळी दुर्बीण हातांत धरून पाहणें म्हणजे चाळणींत पाणी भरण्यासारखें आहे. उलट साधी आठपट दुर्बीण तिपाईवर बसविली तर हातांतील बारापट दुर्बिणीहून अधिक बारकावा दाखविते, हा अनुभव कोणीही एका संध्याकाळीं घेऊन पाहावा.

बंदुकीचा हिशेब याहून कडक आहे. बंदुकीचा पुढचा भाग खांद्यापासून ६० सेंटिमीटरांवर टेकला आहे असें समजा. तो टेकू एका बाजूस अवघा एक मिलिमीटर सरकला, तर १०० मीटरांवर गोळी सुमारें १७ सेंटिमीटर बाजूस जाते. रानडुकराच्या छातींतील मर्मस्थान वीतभराहून मोठें नसतें. म्हणजे डोळ्यास न दिसणाऱ्या त्या एका मिलिमीटरांत, जनावर जागीं पडणें आणि पोटांत जखम घेऊन उसांत शिरणें, हा सगळा फरक सांठविलेला आहे. जखमी डुक्कर उसांत शिरलें म्हणजे दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाणी धरावयास जाणाऱ्यावर कोणता प्रसंग ओढवतो, तें रानाकाठच्या गांवांस सांगावयास नको.

दुर्बिणीकडे माझा अधिक ओढा कां, त्याचें कारण एका प्रसंगांत आहे. दोन वर्षांपूर्वीं माघ महिन्यांत तिन्हीसांजेच्या वेळीं मी बांधावर तिपाई लावून बसलों होतों. शेजाऱ्याचा मुलगा आपली परवान्याची बंदूक घेऊन जवळच होता. परवानगीचा कागद त्याच्या खिशांत होता. हरभऱ्याच्या शेतांत, हाताच्या दुर्बिणीनें पाहतां, एक काळसर गोळा खालीं-वर होत होता. "अण्णा, डुक्करच हाय. माती उकरतंय बघा," तो म्हणाला. मलाही तसेंच वाटलें. तिपाईवरील दुर्बीण तिकडे वळविली, उखळीचा सांधा आवळला, आणि तिचा थरार थांबण्याची वाट पाहिली. तीन-चार सेकंदांत चित्र स्थिर झालें. घोंगडीची खोळ घेऊन एक म्हातारा उकिडवा बसून हरभऱ्याचे डहाळे उपटीत होता. मुलानें बंदुकींतील दारू रिकामी केली, आणि बराच वेळ आम्हीं दोघांनींही एकमेकांकडे पाहिलें नाहीं. म्हाताऱ्यास आपल्यावर कोणाची नजर होती हें आजही ठाऊक नाहीं. सगळ्यांचें दैव असें नसतें. २०२५ च्या आरंभीं पालघर जिल्ह्यांत रानडुकराच्या बेकायदा शिकारीस गेलेल्या टोळींतील मनुष्य सोबत्यांच्याच गोळीनें मरण पावला.

आतां या टेकूंच्या कुळाविषयीं थोडें. युरोपांत सोळाव्या शतकांत जड तोडेदार बंदुका आल्या त्या एका माणसास नुसत्या हातांवर पेलवत नसत; त्यांच्याबरोबर दुबेळकी टोकाची काठी बाळगावी लागे. सतराव्या शतकांत बंदूक हलकी झाली आणि ती काठी मागें पडली. तिबेटांतील तोडेदार बंदुकीस दोन लांब पाय बिजागरीनें कायमचे जडलेले असत, व त्यांच्या टोकांस पुष्कळदां हरणाचीं शिंगें बसविलेलीं असत; हीच खरी जुनी दुपाई. पानिपतच्या १७६१ च्या रणांत अब्दालीनें उंटांच्या पाठीवर जंबुरके चढविले, त्यांतही तत्त्व तेंच होतें, पाय मात्र उंटाचे. अमेरिकेंत १८७० नंतरच्या दशकांत गव्यांचे कळप मारणारे लोक जड शार्प्स रायफली दोन काठ्यांच्या फुलीवर टेकून वापरीत. आमच्या गांवोगांवच्या पेन्शनर सैनिकांस ब्रेन गनचे दोन पाय आठवत असतीलच. आफ्रिकेंत सफारीच्या वाटाड्याजवळ आजही तीन काठ्यांचा जुडगा असतो. माथ्याशीं सायकलच्या किंवा मोटारीच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, आणि खाली पाय फांकले कीं तिपाई तयार. हजारों रुपयांच्या कार्बनी तिपाईचा खरा पूर्वज हाच जुडगा.

दुपाईस दोन पाय असतात, मग ती उभी कशी राहते? ती उभी राहतच नाहीं. बंदुकीचा दस्ता खांद्याशीं असतो, तोच तिचा तिसरा पाय होय. म्हणून दुपाई लावलेल्या बंदुकीचा स्थिरपणा अर्धा तिच्या दोन पायांत व अर्धा निजलेल्या मनुष्याच्या खांद्यांत असतो. खांदा डळमळला तर पुढचे पाय कितीही चांगले असोत, उपयोग नाहीं. निष्णात लोक दस्त्याखालीं वाळूची लहानशी पिशवी घालतात व मुठीनें ती दाबून नेम वर-खालीं करतात. पुढचे पाय खांद्यानें किंचित् पुढें रेटून धरितात, म्हणजे बार उडतांना बंदूक आडवी उडी मारीत नाहीं. खडकावर किंवा सिमेंटच्या ओट्यावर पाय टेकले तर ते उसळतात. तेथें घडी घातलेलें पोतें अंथरावें, मातींत त्याची जरूर नाहीं.

अमेरिकेंत केंटकी राज्यांतील हॅरिस कारखान्याची दुपाई ही या प्रकाराची सर्वत्र ओळखली जाणारी जात आहे. पट्ट्याची कडी ज्या खुंटीस अडकवितात त्याच खुंटीस ती स्क्रूनें आवळतात. पाय स्प्रिंगच्या जोरानें खालीं पडतात आणि खांचांनीं त्यांची लांबी कमी-अधिक करतां येते. निजून मारण्याच्या उंचीच्या अशा दुपाईचें वजन सामान्यतः तीनशें ते साडेचारशें ग्रॅम असतें. याहून हलक्या, कार्बन तंतूंच्या पायांच्या व चुंबकानें जागीं बसणाऱ्या दुपाया ब्रिटनमध्यें निघाल्या आहेत. त्यांचें वजन दीडशें ग्रॅमांच्या आंतबाहेर येतें. डोंगर चढून जाणाऱ्यास हा फरक कळतो, कारण दुपाई बंदुकीच्या पुढच्या टोकास असते. तेथील पाव किलो हातास मागच्या अर्ध्या किलोहून जड लागतो. विकत घेणाऱ्यानें एवढेंच पाहावें कीं माथा डावी-उजवीकडे थोडा कलतो कीं नाहीं. उतारावर दोन पाय सारख्या पातळींत येत नाहींत, आणि न कलणाऱ्या माथ्यावर सगळी बंदूक तिरपी होते.

टेकू लाकडी पुढच्या भागास असावा, नळीस कधींही नसावा. बार उडतांना नळी तारेप्रमाणें कंप पावते. ती कठीण वस्तूवर टेकली असेल तर त्या वस्तूपासून दूर फेंकली जाते, व गोळी बहुधा वर जाते. मचाणाच्या कठड्यावर नळी ठेवून नेम धरणाऱ्याची गोळी पाठीवरून कां गेली, याचें उत्तर पुष्कळदां हेंच असतें. कठड्यावर आधीं घडी घातलेलें कांबळें, त्यावर आपला हात, आणि हातांत बंदुकीचें लाकूड, अशी उतरंड असावी. मचाणावर सोबती बसला असेल तर त्याच्या प्रत्येक हालचालीबरोबर कठडाही हलतो. त्यापेक्षां झाडाची स्वतंत्र फांदी टेकूस बरी.

दुपाईचा जो दोष मला सर्वांत मोठा वाटतो तो विक्रेत्यांच्या पुस्तकांत सांपडत नाहीं. ती मनुष्यास निजवते. निजलेल्या मनुष्याच्या बंदुकीची नळी जमिनीपासून ३० सेंटिमीटर वर असते, व डुकराची छाती सुमारें ५० सेंटिमीटर वर. सपाट शेतांत अशी गोळी चढत्या रेषेनें निघते. ती चुकली किंवा आरपार गेली तर पलीकडे तिला अडविणारें कांहीं नसतें. .२२ ची चिमुकली गोळीही दीड किलोमीटरपर्यंत जाऊं शकते, मोठ्या रायफलीची तीन-चार किलोमीटर. आपल्या देशावर तीन किलोमीटरांत एखादी वस्ती, धनगराचा वाडा किंवा पाण्याच्या पाळीवरचा मनुष्य नाहीं असें शिवार दाखवा.

आतां तोच हिशेब उंचीवरून करून पाहूं. उभ्यानें तिपाईवरून, म्हणजे दीड मीटर उंचीवरून, ४० मीटरांवरील जनावराच्या छातीवर नेम धरला, तर त्याच रेषेंत गोळी पलीकडे २० मीटरांवर जमिनींत जाते. जनावर १०० मीटरांवर असेल तर हें अंतर ५० मीटर होतें. चार मीटर उंचीच्या मचाणावरून, ४० मीटरांवर, तीच गोळी जनावरापलीकडे सहा मीटरांच्या आंत मातींत शिरते. मुरमाड किंवा दगडाळ जमिनीवरून निसटत्या कोनानें लागलेली गोळी उसळते हें वेगळेंच. तेथेंही कोन जितका मोठा तितकें भय कमी. यासाठीं आमच्या सपाट मुलखांत मचाण व बांध हाच उत्तम टेकू, त्यानंतर उंच तिपाई, आणि निजण्याची दुपाई फक्त तेथेंच, जेथें पाठीमागें टेंकडीचा उतार उभा आहे. शिवाय ज्वारी, तूर किंवा ऊंस उभा असतांना निजलेल्यास दिसणार तरी काय?

तिपाईकडे वळूं. चार पायांचा पाट उंचसखल जमिनीवर डुगडुगतो, तीन पायांची तिवई डुगडुगत नाहीं; कारण कोणतेही तीन बिंदु एका पातळींत येतातच, चौथा येईल असा भरंवसा नाहीं. खळ्यांत उपणणीस तिवई कां घेतात तें यावरून कळेल. परंतु न डुगडुगणें आणि न पडणें या दोन गोष्टी भिन्न आहेत. भाराचा लंब तीन पायांच्या त्रिकोणाच्या आंत आहे तोंवरच तिपाई उभी. पाय मध्यापासून ६० सेंटिमीटरांवर असतील, तर पायाच्या दिशेनें लंबास बाहेर पडण्यास ६० सेंटिमीटर जावें लागतें, पण दोन पायांच्या मधल्या दिशेनें फक्त ३०. म्हणून वाऱ्याच्या ज्या बाजूस तिपाई ढकलली जाणार, किंवा दुर्बिणीचा जड भाग ज्या बाजूस झुकलेला, त्या बाजूस एक पाय असावा. उतारावरही एक पाय खालच्या अंगास लांबवून ठेवावा, आणि आपण उरलेल्या दोन पायांच्या मध्यें उभें राहावें. तेथें पायांस पायही अडखळत नाहीं.

हें मी शहाणपणानें नव्हे, नुकसानीनें शिकलों. माझी पहिली तिपाई फार हलकी होती. फाल्गुनांतल्या वाऱ्याच्या दिवशीं बांधावर मी तिचा मधला दांडा पुरता वर काढून त्यावर एकनळी दुर्बीण बसविली, आणि विहिरीवर मोटर बंद करावयास गेलों. परत येऊन पाहतों तों दुर्बीण उताणी आणि पुढच्या कांचेस टवका. चूक सगळी माझी होती, हिशेब केला असता तर ती टळली असती. तिपाई व दुर्बीण मिळून तीन किलो वजन; उंची दीड मीटर; दोन पायांमधील बाजू मध्यापासून ३० सेंटिमीटर. माथ्याशीं अवघा सहाशें ग्रॅमांचा जोर लागला कीं ती कोलमडावयाचीच. एवढा जोर वाऱ्याची एक झुळूक देते. त्याच तिपाईच्या मध्यें पांच किलोचा धोंडा पिशवींत घालून टांगला असता तर सोळाशें ग्रॅम लागले असते. तेव्हांपासून मी कोठेंही गेलों तरी रिकामी पिशवी बरोबर नेतों. धोंडे सर्वत्र फुकट मिळतात. पिशवी अशी टांगावी कीं तिचा तळ जमिनीस जेमतेम लागेल, नाहींतर ती झोके घेते व तिपाईस हलविते. हलक्या तिपाईचें रहस्य हेंच : वजन घरून न्यावयाचें नाहीं, शेतांत गोळा करावयाचें.

मधल्या दांड्यासंबंधीं एक शब्द. तो वर काढला कीं तीन पायांच्या तिपाईवर एका पायाची काठी बसविल्यासारखें होतें. कोणत्याही दांड्याचें टोंक भारानें किती लवतें तें त्याच्या लांबीच्या घनावर अवलंबून असतें; लांबी दुप्पट केली तर लवणें आठपट होतें. म्हणून उंची पायांनीं मिळवावी, दांड्यानें नव्हे. पायांचेही चार-पांच दुमडते भाग असणारी तिपाई पिशवींत लहान मावते, पण तिचा शेवटचा भाग बोटाएवढा बारीक असतो, आणि तिचा दुबळेपणा तेथेंच असतो. तीन भागांची तिपाई बहुधा पुरते. पूर्ण उंची नको असेल तेव्हां आधीं जाड भाग बाहेर काढावे, बारीक शेवटीं.

धातूंविषयीं लोकांत एक भ्रम आहे कीं पोलाद ताठ आणि अ‍ॅल्युमिनियम लेचेंपेचें. पोलाद सुमारें तिप्पट ताठ आहे हें खरें, पण तें सुमारें तिप्पट जडही आहे; एकाच वजनांत अ‍ॅल्युमिनियमची नळी जाड करतां येते, आणि नळीचा ताठपणा तिच्या जाडीबरोबर फार झपाट्यानें वाढतो. त्यामुळें हलक्या तिपाया अ‍ॅल्युमिनियमच्या झाल्या. पुढें कार्बन तंतु आले. गिट्झो या कारखान्यानें १९९४ सालीं कार्बन तंतूंच्या पायांची तिपाई छायाचित्रकारांसाठीं काढली, तेथून ती शिकाऱ्यांकडे आली. हे तंतु राळेंत बसवून नळी बनवितात. तिची घनता अ‍ॅल्युमिनियमच्या सुमारें तीन-पंचमांश असते, ती अधिक ताठ असते, आणि तिच्यांत थरार लवकर मरतो. थंडींत ती हातास धातूसारखी चटकाही देत नाहीं. तिचा दोष हा कीं धातू वांकतो व सुधारतां येतो, कार्बनची नळी वांकत नाहीं, तडकते. गाडीच्या फळीवर आदळणाऱ्या, गड्याच्या हातून पडणाऱ्या सामानांत तिला जागा नाहीं. एक-दीड किलोची अशी तिपाई दुर्बिणीस पुरते. बंदुकीचा धक्का सोसणारी तिपाई याहून जाड असते.

आणि आतां बांबू. पोकळ, बाहेरच्या अंगास तंतु दाट, आंतल्या अंगास विरळ, मध्यें जागोजाग पेर्‍यांचे पडदे. कार्बनच्या नळीची कल्पना निसर्गानें आधींच करून ठेविली आहे. राखणीच्या तिपाईस मात्र भरीव जात घ्यावी : देशावर व विदर्भांत मानवेल, कोंकणांत माणगा. तीन वर्षांचा जून बांबू हिंवाळ्यांत तोडावा, कारण त्या वेळीं त्यांत पिठूळ अंश कमी असतो व भुंगेरा कमी लागतो; कोंवळा बांबू सुकतांना सुरकुततो व वाकडा होतो. वाहत्या पाण्यांत कांहीं दिवस बुडवून मग सावलींत उभा वाळवावा. अंगठ्याहून किंचित् जाड, आपल्या खांद्याइतक्या उंचीच्या तीन काठ्या घ्याव्या. माथ्यापासून वीतभर खालीं, तिन्ही काठ्यांचें पेर जुळेल अशा ठिकाणीं, सायकलच्या ट्यूबची दोन बोटें रुंद पट्टी ओढून ओढून सात-आठ वेढे द्यावी. बांधणीच्या खालीं पेर असलें म्हणजे ती घसरत नाहीं. खालच्या टोकांस लोहाराकडून शेंब्या बसवून घ्याव्या. पाय फांकले कीं माथ्याशीं तीन टोंकांची खोबण तयार होते. तींत कोंड्यानें भरलेली लहान पिशवी ठेवून वर दुर्बीण टेकावी. हें सर्व दीड किलोच्या आंतबाहेर भरतें, म्हणजे महागड्या कार्बनी तिपाईइतकेंच. ती हातांत काठी म्हणून चालते, ओढ्यांत पाण्याचा अंदाज घेते, आणि हरवली तर हळहळ वाटत नाहीं. दोष हा कीं हिच्यावर दुर्बीण टेकतां येते, जखडतां येत नाहीं; तासभर एकाच ठिकाणीं पाहावयाचें असेल तर हात दुखतात.

जखडणारी तिपाई घेणाऱ्यानें आट्यांचें माप पाहून घ्यावें. छायाचित्राच्या तिपायांचा स्क्रू पाव इंची, इंचास वीस आटे, असा असतो. मोठ्या माथ्यांचा तीन-अष्टमांश इंची, इंचास सोळा. पुष्कळ चांगल्या दुर्बिणींच्या बिजागरीच्या पुढच्या टोंकास एक टोपण असतें; तें काढलें कीं खालीं पाव इंची आटे दिसतात, व तेथें एक लहान कोनाची पट्टी बसवून दुर्बीण तिपाईवर चढते. वर्षानुवर्षें दुर्बीण बाळगूनही हें टोपण निघतें हें ज्यांस ठाऊक नाहीं असे लोक मीं पाहिले आहेत. मोजणीदाराच्या तिपाईचा स्क्रू पांच-अष्टमांश इंची असतो; ती या कामास चालत नाहीं, आणि बांधबंदिस्तीच्या पातळीयंत्रास ही हलकी तिपाई चालत नाहीं. दोन्ही कामें एकींत उरकूं पाहणाऱ्याचीं दोन्ही बिघडतात.

तिपाईवर कोणती दुर्बीण बसवावी? राखणीचें काम तिन्हीसांजा व पहांटे यांचें असल्यानें उजेड अधिक घेणारी हवी. पुढच्या कांचेच्या मिलिमीटरांस पटीनें भागलें असतां डोळ्याकडे येणाऱ्या उजेडाच्या झोताची रुंदी मिळते. ८×४२ ची सव्वापांच मिलिमीटर, १०×४२ ची चार, आणि १०×२५ च्या खिशांतल्या दुर्बिणीची अवघी अडीच. अंधारांत तरुणाच्या डोळ्याची बाहुली सहा-सात मिलिमीटर उघडते, उतारवयांत त्याहून कमी. तेव्हां आठपट, बेचाळीस मिलिमीटरची साधी दुर्बीण घेऊन उरलेले पैसे तिपाईंत घालणें मला अधिक हिशेबाचें वाटतें. अंगाच्या उष्णतेवरून चित्र दाखविणाऱ्या रात्रीच्या दुर्बिणी आतां मिळूं लागल्या आहेत. त्या ऊब आहे एवढें दाखवितात. ती ऊब वासराची, कुत्र्याची कीं घोंगडींतल्या म्हाताऱ्याची, हें हातांतल्या थरथरत्या चित्रावरून दूर अंतरावर ओळखूं येत नाहीं. त्यांसही तिपाई हवीच.

पावसाळा संपला कीं तिपाईचे पाय पुरते सोडवून चिखल व वाळू कोरड्या कापडानें पुसून काढावी. सांध्यांत तेल घालूं नये, त्यावर धूळ बसून आवळणी घसरते. पाय ओले असतांना दुमडून ठेवल्यास अ‍ॅल्युमिनियमच्या सांध्यांत पांढरी भुकटी धरते व पुढच्या हंगामांत ते उघडत नाहींत. बांबूच्या तिपाईची रबरी पट्टी मात्र उन्हानें दोन वर्षांत तडकते. ती सुगीपूर्वीं नवी गुंडाळावी.